सही केली तरी अडकला, गप्प बसला तरी

अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कामगार पुढाऱ्यांची जी फरफट झाली, ती आपण सरसकट कम्युनिस्टांना हुडकण्याची मोहीम चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थींच्या खात्यावर टाकतो. प्रत्यक्षात या पुढाऱ्यांना जास्त जाचल्या त्या दोन वेगळ्याच गोष्टी, आणि दोन्ही मॅकार्थींचं नाव गाजण्याआधीपासूनच्या: टाफ्ट-हार्टली कायद्यातलं शपथपत्र आणि अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या, कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या समितीपुढची साक्ष.

१९४७च्या या कायद्याने युनियनच्या पदाधिकाऱ्यांना दरवर्षी लिहून द्यायला लावलं की मी कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य नाही. मालकांना अशी अट नव्हती, हेही लक्षात घ्या. सही नाकारणं हा गुन्हा नव्हता. पण मग राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे, म्हणजे मालकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, दाद मागता येत नसे, मान्यतेच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर युनियनचं नाव नसे, आणि प्रतिस्पर्धी युनियन सभासद पळवायला टपलेलीच असे. खाणकामगारांचे जॉन एल. लुइस कम्युनिस्ट मुळीच नव्हते, तरी त्यांनी सही केली नाही. त्यांची युनियन दांडगी, निभावलं. इतरांना ते परवडणारं नव्हतं.

खरी गोम सहीनंतर होती. न्यू मेक्सिकोत जस्ताच्या खाणीतला पंधरा महिन्यांचा संप लढवणाऱ्या क्लिंटन जेन्क्स यांनी १९५० मध्ये सही केली. १९५३ मध्ये खोट्या शपथेबद्दल अटक, पुढच्या वर्षी पाच वर्षांची शिक्षा. महत्त्वाचा साक्षीदार हार्वी मॅटुसो हा एफबीआयचा पगारी खबऱ्या; १९५५ मध्ये त्याने आपण खोटं बोललो हे कबूल केलं. खबऱ्यांचे अहवाल बचाव पक्षाला दाखवले नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या जूनमध्ये शिक्षा रद्द केली. तोवर युनियनमधलं काम गेलं होतं.

समितीपुढे प्रश्न फक्त स्वतःबद्दल नसे, सोबत्यांची नावंही हवी असत. मोटार कामगार संघटनेचे जॉन वॉटकिन्स १९५४ मध्ये स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलले. पक्ष सोडून गेलेल्यांची नावं मात्र दिली नाहीत. संसदेच्या अवमानाचा खटला झाला, दोषी ठरले, आणि तेही १९५७ च्या जूनमध्येच सुटले. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला तर तुरुंग टळे. पण स्वतःबद्दल एकदा उत्तर दिलं की तो हक्क हातचा जाई, म्हणून अनेक जण पहिल्या प्रश्नापासूनच गप्प. त्या गप्प बसण्याचा हिशेब कारखान्यात होई: डिसेंबर १९५३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने जाहीर केलं की असा आधार घेणाऱ्याला निलंबित करू, आणि नव्वद दिवसांत शपथेवर उत्तरं दिली नाहीत तर कामावरून काढू.