लग्नचौक आणि वारली चित्र: प्रेरणा नेमकी कुठून घ्यायची?

डहाणू-तलासरीकडच्या वारली आदिवासींच्या लग्नघरात भिंतीवर लिहिला जाणारा चौक आणि शहरातल्या दिवाणखान्यात टांगलेलं वारली चित्र, दोन्हीकडे गेरूची पार्श्वभूमी, पांढऱ्या रेघा आणि ठिपके. त्यामुळे दोन्ही एकच, असं बहुतेक जण धरून चालतात. वारली शैलीत काही करू पाहणाऱ्याची गफलत इथेच होते.

चौकासाठी घरातली आतली भिंत शेणाने सारवून तिला गेरूचा हात देतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात. बांबूच्या काडीचं टोक चावून चावून मऊ केलं की तोच कुंचला. लिहिणाऱ्या सवाष्णी असतात आणि शेजारी धवलेरी गाणी म्हणत देवांना बोलावत असते. परंपरेने लग्न लावते तीही हीच बाई. आधी चौकोन आखला जातो, मग त्याच्या चारी कडांना नक्षीच्या पट्ट्या, एकात एक, इतक्या दाट की काडी क्षणभर घसरली तरी कळावं. मधोमध पालघट, झाडाझुडपांची आणि सुफलनाची देवी. तिच्याजवळ चंद्र-सूर्य, फणी, शिडी. लहान देवचौकात पंचशिऱ्या देव. या चौकाशिवाय लग्न लागत नाही. देवी तिथे यावी म्हणून तिच्यासाठी केलेली ती जागा असते, आणि लग्न उरकलं की चौकाचं काम संपतं.

कागदावरचं वारली चित्र त्यामानाने अगदी अलीकडचं. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी पाड्यांवर गेले, त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यातूनच पुढे आले. तोवर चौक लिहिणं हे बायकांचं काम होतं. म्हसे लग्नाची वाट न पाहता रोज चित्रं काढू लागले: पाण्यावर पसरलेलं मासेमारीचं जाळं, तारपा वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग, शेतातली कामं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ही चित्रं मुळातच दुसऱ्याने पाहावीत, विकत घ्यावीत म्हणून काढलेली आहेत. ती पाहून शिकायला कुणाची आडकाठी नाही.

गुंता एकाच ठिकाणी आहे. वारली चित्रकार पालघटही कागदावर काढतात आणि विकतात. मग आपण का काढू नये? मला हा युक्तिवाद पटत नाही. त्यांनी तो चौक घरच्या लग्नात पाहिलेला असतो. कुठलं चिन्ह कशासाठी, काय वगळायचं, हे त्यांना ठाऊक असतं. आपण इंटरनेटवरून उचलून उशीच्या अभ्र्यावर किंवा पायपुसण्यावर छापतो तेव्हा देवी पायाखाली जाते, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. एखाद्या चित्रकाराच्या विशिष्ट चित्रावर त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, पण शैलीवर तो नसतो. वारली चित्राला भौगोलिक संकेतांक (जीआय टॅग) मिळालेला आहे, पण त्याने मुख्यत: नावाचं रक्षण होतं, तुमच्या वहीतल्या रेघेला तो अडवत नाही.

म्हणून मी सरळ सांगेन: चित्रांतून बघण्याची रीत घ्या, चौकातली चिन्हं घेऊ नका. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की कंबर मिळते. वरचा त्रिकोण जरा कलता केला की माणूस वाकतो, ओझं उचलतो, नाचतो. इतक्या थोडक्या रेषांत हालचाल कशी पकडायची, हे शिकण्यासारखं आहे. ते शिकून आपल्या गल्लीतली, लोकलमधली, बाजारातली माणसं काढा. खाली ‘वारली चित्र’ असं मात्र लिहू नका. प्रेरणा कुठली ते लिहा, कुणाची चित्रं पाहून शिकलात त्याचं नावही लिहा. आणि घरात पालघटच हवी असेल तर ती वारली चित्रकाराकडून, त्याच्या सहीनिशी, त्याने सांगितलेल्या किमतीला घ्या.