वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची मुखदुर्गंधी

स्थूलतेवरील बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, तोंडाला किंवा श्वासाला येणारा वास. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवणे) आणि गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे) या दोन्हींनंतर तो येऊ शकतो. ‘नीट दात घासत नाहीस का?’ असे घरच्यांनी विचारले की रुग्ण संकोचाने गप्प बसतो. खरे तर यातला एक वास दात घासून जाणाराच नसतो, आणि हे रुग्णाइतकेच घरच्यांनाही ठाऊक असायला हवे.

हा वास कीटोनांचा. शस्त्रक्रियेनंतर एका वेळी काही घोटच पोटात जातात. यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा साधारण दिवसभरात संपत येतो आणि शरीर चरबी जाळू लागते. त्यातून तयार होणाऱ्या कीटोनांपैकी ॲसिटोन सहज उडून जाणारे असल्यामुळे रक्तातून फुप्फुसांत व तिथून श्वासात उतरते. वास पिकून उतरलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा येतो. आहार वाढला, वजन उतरण्याचा वेग मंदावला, की तो आपोआप ओसरतो. तो घालवण्यासाठी गोड खाणे मात्र चुकीचे आहे. बायपासनंतर साखरेने डंपिंग होऊन, म्हणजे ती झपाट्याने आतड्यात उतरून, घाम, धडधड व जुलाब सुरू होऊ शकतात.

दुसरा वास तोंडातलाच. पोट लहान झाल्याने पाणी गटागट पिता येत नाही, जेवताना आणि त्यानंतर साधारण अर्धा तास तर पिऊच नये असे सांगितलेले असते. सुरुवातीला आहार पातळ असल्याने चावणे बंद, म्हणून लाळही कमी सुटते. जिभेच्या मागच्या भागावर पांढरा थर साचतो. त्यातले जिवाणू प्रथिने फोडून गंधकयुक्त वायू सोडतात, त्यांपैकी हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यायची म्हणून प्रोटीन पावडरचे शेक वारंवार प्यायले जातात. प्रत्येक शेकनंतर चूळ भरली नाही तर या जिवाणूंना आयतेच खाद्य मिळते.

स्लीव्हनंतर आम्ल घशाशी येण्याचा त्रास वाढू शकतो, त्याचाही आंबूस वास येतो. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ झालेले दातांचे कवच घासले जाते. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा.

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही. त्यामुळे विश्वासातल्या माणसासमोर तोंड मिटून नाकाने श्वास सोडून पाहावा. तेव्हाही तोच वास आला तर तो बहुधा कीटोनांचा किंवा नाक-सायनसचा. तोंड उघडल्यावरच येत असेल तर जीभ, दात आणि हिरड्यांकडे पाहावे.

पाणी हा मुख्य उपाय. बाटली हाताशी ठेवून दिवसभरात घोटघोट करत दीड ते दोन लिटर पाणी पोटात जावे, आणि सकाळ-संध्याकाळ जीभ मागपर्यंत खरवडावी. मद्यार्क असलेल्या माउथवॉशने तोंड आणखी कोरडे पडते. जेवणानंतर बडीशेप खायची सवय आपल्याकडे जुनी, पण ती तंतुमय असल्याने घट्ट आहार सुरू होईपर्यंत टाळावी, आणि साखरेचे वेष्टन असलेली तर नंतरही नको. च्युइंगगम बिनसाखरेचा असला तरी तो गिळला गेल्यास अरुंद वाटेत अडकण्याची भीती असते, म्हणून आपल्या सर्जनला विचारूनच तो खावा.

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील आणि फळासारख्या वासाबरोबर मळमळ, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास सुरू झाला, तर कीटोॲसिडोसिसची, म्हणजे कीटोन फार साचून रक्त आम्लधर्मी होण्याची, शक्यता असते. रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही तो होऊ शकतो, म्हणून ग्लुकोमीटरवरच्या आकड्यावर विसंबून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे. वासासोबत वारंवार उलट्या होत असतील किंवा अन्न अडकल्यासारखे वाटत असेल, तर जठर आणि आतड्याच्या जोडाजवळचा अरुंदपणा किंवा व्रण आहे का हे एंडोस्कोपीने पाहावे लागते. उलट्या लांबल्यास थायामिन हे जीवनसत्त्व घटून मज्जासंस्थेला इजा होण्याचा धोका असतो.