पणजोबांचा माग: आकडे, उतारे आणि रामकुंडावरच्या वह्या

निफाड-सिन्नरकडच्या घरात आजोबांच्या आजोबांचं नाव विचारलं, की बहुतेकजण अडखळतात. मग पहिली आशा जनगणनेवर असते आणि ती तिथेच मोडते. 1872 ला देशातली पहिली आणि 1881 ला सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली जनगणना. पण छापील अहवालांत उरले ते आकडे, घरोघरची नावं नाहीत. 1948 च्या कायद्याने तर व्यक्तीविषयीच्या नोंदी पाहण्यावरच बंदी आहे.

नाव सापडतं ते जमिनीच्या कागदात. मुंबई इलाख्यातली मोजणी 1836 मध्ये इंदापुरापासून सुरू झाली आणि पुढे शेताशेताला सर्व्हे नंबर मिळाला. 1903 च्या हक्कनोंदीच्या कायद्यानंतर फेरफार, म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याच्या नोंदी, आले. 'खातेदार मयत, वारस अमुक' अशी ती एक ओळ मला कुठल्याही वंशावळीपेक्षा भरवशाची वाटते. 1947 च्या कायद्याने जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं आणि पुढे गट नंबर पडले. जुना-नवा नंबर जुळवला नाही, तर माणूस स्वतःच्याच शेताचा उतारा ओळखत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: नाशिक जिल्हाच 1869 चा. त्याआधी मालेगाव, बागलाण खानदेशात होते, तर नाशिक-सिन्नरकडचा मुलूख नगरकडे. त्यामुळे जुने कागद शोधताना धुळं आणि नगरही विचारात घ्यावं लागतं. ते बहुधा मोडी लिपीत असतात. त्यांत आडनाव नसतं, 'राणू बिन भिवा' एवढंच, म्हणजे भिवाचा मुलगा राणू. कुणबी नोंदी तपासण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज पुन्हा ठळक झाली.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचं काय? त्यांच्यासाठी गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला आपण कोतवाल बुक म्हणतो, आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. त्याहून मागे जायचं तर पंचवटीत रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे. श्राद्धाला, अस्थी घेऊन आलेल्या यजमानांची नावं तिथल्या वह्यांत गाव आणि कुळाप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेली आहेत. बायकांचा माग मात्र सगळ्यांत अवघड. जुन्या उताऱ्यावर पणजी भेटलीच, तर बहुतेकदा नवरा गेल्यानंतरच्या वारसनोंदीत भेटते, नावापुढे 'कोम', म्हणजे बायको, आणि मग नवऱ्याचं नाव.