टिकोपिया

टिकोपिया हे नैऋत्य प्रशांत महासागरातील सुमारे ५ चौ. किमी. क्षेत्रफळाचे ज्वालामुखीजन्य बेट. ते सॉलोमन द्वीपसमूह या देशाच्या टेमोटू प्रांतात मोडते. शेजारची बहुतेक बेटे मेलानेशियन असली तरी टिकोपियाची भाषा आणि समाज पॉलिनेशियन, म्हणजे पूर्वेकडच्या सामोआ-टोंगासारख्या बेटांशी नाते असलेला आहे. सर्वांत जवळचे वस्तीचे बेट अनुटा. तेही सुमारे ११० किमी. दूर आणि आकाराने अर्ध्या चौ. किमी.हूनही लहान. टिकोपियावर साधारण बाराशे माणसे राहतात. धावपट्टी नाही, बंदर नाही. जहाज प्रवाळखडकाबाहेर थांबते आणि माणसे व माल होडीतून किनाऱ्याला लागतात.

बेट म्हणजे एका विझलेल्या ज्वालामुखीचा उरलेला भाग. रेआनी हे शिखर सुमारे ३८० मी. उंच आहे. विवराच्या तळाशी ‘ते रोटो’ हे सुमारे ८० मी. खोल सरोवर असून ते आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा अरुंद बांध आहे. हे सरोवर पूर्वी समुद्राला उघडी खाडी होती. वाळू साचून तिचे तोंड बुजले, तेव्हा खाडीतले शिंपले-कालवे संपले, पण काठाला अळूवर्गीय कंदांसाठी दलदलीची जमीन मिळाली. पश्चिमेकडचा फाएआ आणि पूर्वेकडचा रावेंगा हे वस्तीचे दोन मुख्य भाग. त्यांच्यातली चुरस जुनी आहे.

पहिले रहिवासी सुमारे २,९०० वर्षांपूर्वी आले. पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन यांच्या उत्खननातून पुढचा क्रम दिसतो. सुरुवातीला जंगल जाळून शेती झाली. पक्षी, कासवे आणि मोठे शिंपले झपाट्याने कमी झाले. नंतर जाळपोळ मागे पडली आणि जंगलाच्या जागी बागायती आली. आज दुरून रान वाटणारा डोंगरउतार बहुतांशी लावलेला आहे: वर नारळ, नीरफणस आणि सागो, मध्ये केळी, सुपारी, खाली अळकुड्या, सुरणासारखे कंद आणि हळद. जवळजवळ प्रत्येक झाडाला मालक असतो. डुकरांची हाडे इ.स. १६००च्या सुमारास थांबतात. डुकरे बागा उकरत आणि माणसाचेच अन्न खात, म्हणून ती मारून टाकली असे लोकपरंपरा सांगते. पॉलिनेशियात डुक्कर हे प्रतिष्ठेचे जनावर, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे वजन कळते. तेव्हापासून प्रथिनांसाठी मुख्य भिस्त मासळीवर आहे. बायका खडकाळ उथळ पाण्यात हातजाळ्यांनी मासे धरतात. पुरुष रात्री होडीतून मशालींच्या उजेडात उडते मासे पकडतात.

अन्नसाठ्याची खरी युक्ती म्हणजे ‘मासी’. नीरफणस, केळी किंवा कंद सोलून, तुकडे करून, पानांचे अनेक थर दिलेल्या खड्ड्यात दाबून भरतात. वर पुन्हा पाने आणि दगडांचे वजन. हवा कोंडली की लगदा आंबतो आणि कित्येक महिने, नीट राखला तर काही वर्षेही टिकतो. पाने कुजून माती किंवा पावसाचे पाणी आत शिरले की आंबण्याऐवजी तो सडतो, म्हणून पाने वेळोवेळी बदलावी लागतात. काढलेली मासी मळून, ताज्या कंदात मिसळून, पानात गुंडाळून तापल्या दगडांच्या भट्टीत भाजतात. वास उग्र असतो. वादळानंतर झाडावर काही उरत नाही तेव्हा हाच साठा कामी येतो.

समाज चार कुळांत विभागलेला आहे: काफिका, ताफुआ, तौमाको आणि फांगारेरे. प्रत्येकाचा प्रमुख ‘आरिकी’. मानात काफिकाचा आरिकी पहिला. आरिकी एखाद्या बागेवर किंवा मासेमारीच्या पट्ट्यावर ‘तापू’, म्हणजे बंदी, घालू शकतो. घरांची छपरे जमिनीलगत उतरतात आणि दारातून रांगतच आत जावे लागते. आतल्या एका बाजूला चटयांखाली घरातल्या पूर्वजांची थडगी असत. कावा हे पेय इतर पॉलिनेशियात पितात. इथे ते देवांना अर्पण म्हणून जमिनीवर ओतून देत. विडा मात्र चुना-सुपारीसह सगळेच खातात.

‘निसर्गाशी मेळ साधलेले बेट’ ही टिकोपियाची लोकप्रिय ओळख अर्धीच खरी आहे. लोकसंख्या आवरण्यासाठी धाकट्या मुलांनी अविवाहित राहणे, गर्भपात आणि नवजात अर्भकाचा जीव घेणे हे मार्ग होते. कुटुंब लहान ठेवा, असे धार्मिक विधीतही बजावले जाई. काही जण होडी घेऊन खुल्या समुद्रात जात आणि परतत नसत. परंपरेनुसार जमिनीच्या भांडणात ङा रावेंगा हा गट मारला गेला आणि ङा फाएआ समुद्रात हाकलला गेला.

भारताचा धागा एका खलाशामुळे जोडला जातो. १८१३मध्ये पीटर डिलन हा दर्यावर्दी ज्या जहाजावर अधिकारी होता, त्याने मार्टिन बुशार्ट हा प्रशियन माणूस, त्याची फिजीयन पत्नी आणि एक लास्कर, म्हणजे हिंदी खलाशी, यांना इथे उतरवले. १८२६मध्ये डिलन परतला तेव्हा त्या खलाशाजवळ तलवारीची चांदीची मूठ सापडली. ती वानिकोरो बेटावरून आली होती. डिलनने ती कलकत्त्याला नेली. ईस्ट इंडिया कंपनीने जहाज दिले आणि १८२७मध्ये वानिकोरोवर ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीच्या, १७८८मध्ये बेपत्ता झालेल्या मोहिमेचे अवशेष मिळाले.

मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ १९२८-२९मध्ये इथे राहिले, तेव्हा वस्ती सुमारे १,३०० होती. १९५२पर्यंत ती १,७५०च्या आसपास पोहोचली. ख्रिस्ती मिशन आणि सरकारच्या दबावाने लोकसंख्या आवरण्याचे जुने उपाय बंद पडत होते. नेमकी त्याच वर्षी जानेवारीत आणि पुन्हा मार्च १९५३मध्ये चक्रीवादळे आली. खारे पाणी उडून पाने करपली, नीरफणस झडले, लोकांनी कोवळे कंद उपटून खाल्ले आणि पुढच्या लावणीला बेणे उरले नाही. दुष्काळात चोऱ्या वाढल्या आणि सरकारी तांदळावर भागवावे लागले. पुढे सॉलोमनमधल्याच रसेल बेटांवर नुकुफेरो आणि माकिरा बेटावर मुरिवाई या टिकोपियन लोकांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९५५च्या सुमारास तोवर जुन्या धर्मात राहिलेल्या आरिकींनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि जुने पूजाचक्र थांबले.

२८ डिसेंबर २००२ रोजी आलेल्या ‘झोई’ चक्रीवादळाने घरे आणि बागा भुईसपाट केल्या. बाहेर कित्येक दिवस बातमीच नव्हती. लोक उंचावरच्या कपारींत गेल्याने एकही बळी गेला नाही. मात्र रावेंगाकडचा वाळूचा बांध फुटला, ते रोटोत समुद्राचे पाणी शिरले आणि काठची दलदली शेती व सागो यांना खारेपणाचा फटका बसला. २००६मध्ये दगड भरलेल्या तारांच्या जाळ्यांनी तो बांध पुन्हा घालण्यात आला.