तुमच्या नावावर दुसऱ्यानेच कर्ज उचललं? नागपुरात गुन्हा असा नोंदवा

तुमचं आधार-पॅन वापरून कोणी कर्ज उचललं किंवा सिम घेतलं असेल, तर पोलीस ठाण्यातून नुसता ‘कागदपत्र गहाळ’ असा दाखला घेऊन परतू नका. तो कागद हरवल्याचा पुरावा असतो, गैरवापराचा नाही. वसुलीवाल्यांच्या फोनला घाबरून एखादा हप्ताही भरू नका. कर्ज तुम्हीच घेतलं असा त्याचा अर्थ लावला जातो.

तक्रार करायला पैसे बुडालेलेच असावे लागत नाहीत. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ६६क (इंग्रजीत 66C) प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणं हाच गुन्हा आहे : ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवल्यास ६६ड (66D), शिक्षा तेवढीच. भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरीसाठी कलम ३१९ (५ वर्षांपर्यंत) आणि फसवून मालमत्ता घेतल्यास ३१८(४) (७ वर्षांपर्यंत) आहे. आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. मात्र पोर्टलची पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे. त्यासाठी जवळचं ठाणं किंवा शहराचं सायबर पोलीस ठाणं गाठा. तुम्ही सीताबर्डीत राहत असा की उमरेडला, ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, म्हणजे आधी नोंद होते आणि मग तो हद्दीतल्या ठाण्याकडे जातो. ऑनलाइन माहिती दिली असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

अर्जात ‘माझी फसवणूक झाली’ एवढंच लिहिलं की ६६क राहून जातं. ओळख कुठे वापरली ते लिहा : कोणती कंपनी, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, रक्कम. हे सगळं क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीत सापडतं. या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसह चारही क्रेडिट संस्था वर्षातून एकदा तो मोफत देतात. सोबत ओळखपत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि मेसेज जोडा. नावावरची सिम सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतात. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, नंबर आणि वेबपत्ता दिसू द्या, आणि मूळ मेसेज पुसू नका. छापील प्रतींना पुरावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

एफआयआर हातात आला की कर्ज देणारी कंपनी आणि क्रेडिट संस्था दोघांकडे लेखी हरकत घ्या. ३० दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना टपालाने अर्ज पाठवा : शहरात उपायुक्त, ग्रामीणमध्ये अधीक्षक. टपालाची पावती जपा. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करताना तीच लागते.