रबराचं काँक्रीट फक्त फुटपाथपुरतंच?
'टायरचा चुरा मिसळलेलं काँक्रीट खांबाला चालत नाही' हे अर्धंच खरं. खडी-वाळूऐवजी भरपूर रबर घातलं की ताकद खरोखर कोसळते. रबर मऊ, शिवाय सिमेंटशी नीट चिकटत नाही. पण त्याच खांबाभोवती अ‍ॅरामिड (केव्हलरसारखे मजबूत कृत्रिम तंतू) किंवा कार्बन तंतूंचं कापड इपॉक्सी या घट्ट चिकटणाऱ्या रेझिनने गुंडाळा. दाबाखाली रबरी काँक्रीट लवकर फुगतं, म्हणून वेष्टणही लवकर ताणलं जातं आणि गाभ्याला आवळतं. दोषच कामाला आला! साधं काँक्रीट साधारण 0.35 टक्के आखडलं की चिरडतं. शेफिल्ड विद्यापीठाच्या चाचण्यांत असे वेष्टित नमुने 5 टक्क्यांच्या आसपास पोचले. भूकंपात हेच हवं: न तुटता वाकणं. ताठरपणा मात्र परत येत नाही, त्यामुळे अख्खी इमारत याची नको. खांबाच्या पायथ्यासारख्या, जास्त वाकणाऱ्या जागीच ते वापरावं.