पडद्यावर निम्मा वेळ काळोखच असतो

डोळ्यावर प्रतिमा 1/16 सेकंद टिकते, म्हणून चित्रपटातली माणसं हलताना दिसतात. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, शाळेत घोकलेलं हेच 'दृष्टिसातत्य' ऐकायला मिळेल. पण प्रतिमा नुसत्या टिकून राहिल्या असत्या, तर एकीवर एक चढून लगदा झाला असता. हालचाल कुठून आली?

ती मेंदू रचतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी 1912 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. शेजारशेजारच्या दोन रेघा सुमारे 60 मिलिसेकंदांच्या अंतराने दाखवल्या, की एकच रेघ सरकल्यासारखी दिसते. अंतर 200 केलं, तर आधी एक आणि मग दुसरी. 30 केलं, तर दोन्ही एकदम. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. तो काढणारे दादासाहेब फाळके आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेले.

आता प्रोजेक्टरच्या आत बघू, खरी गंमत तिथेच आहे. रीळ सलग धावत नाही. माल्टीज क्रॉस हे चार खाचांचं, क्रॉसच्या आकाराचं चाक. तो फिरत्या खिट्टीने दर फेरीला पाव वळसा घेतो, फिल्म एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, खाली ओढतो आणि थांबतो. सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने एका फ्रेमला साधारण 42 मिलिसेकंद मिळतात. त्यातले 10 ओढण्यात जातात, बाकीचे 31-32 मिलिसेकंद फ्रेम गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीत, स्थिर उभी असते. ओढताना शटरचं पातं उजेड अडवतं. पात्याची वेळ थोडी चुकली, की पांढऱ्या श्रेयनामावलीतल्या अक्षरांना वर किंवा खाली शेपट्या फुटतात.

शटरला दुसरंही पातं असतं. ते स्थिर फ्रेमवरचाच उजेड मुद्दाम तोडतं. हालचालीसाठी 24 चित्रं पुरतात, पण सेकंदाला 24 उघडझापी डोळ्यांना सरळ जाणवतात. पडदा जितका उजळ तितक्या जास्त, आणि नजरेच्या कडेला सर्वांत जास्त. प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली, की 48 होतात आणि लुकलुक जवळपास नाहीशी होते. मूकपटांचा वेग 16 च्या आसपास असे, म्हणून तिथे तीन पाती: 16 त्रिक 48! हालचाल आणि लुकलुक हे दोन वेगळे प्रश्न आहेत; पाठ्यपुस्तक दोन्हींना एकच उत्तर देतं. दोन्ही सुटले, की यंत्राचा विसर पडतो आणि आपण कथेत शिरतो.

डिजिटल प्रोजेक्टरमध्ये ओढायला पट्टी नाही, तरी 24 चा आकडा टिकला आहे. टीव्ही कंपन्या मात्र मधल्या बनावट फ्रेम घुसवून 'जास्त गुळगुळीत चित्र' विकतात. ही सुधारणा नव्हे. कॅमेऱ्याने टिपलेली हालचालीची लय त्यात मोडते आणि हातापायांच्या कडांभोवती चित्र फाटल्यासारखं दिसतं. चित्रपट लावण्याआधी पिक्चर सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग बंद करा, खोलीतले दिवे मालवा आणि खुर्ची पुढे ओढा: पडद्याने नजरेचा 36 अंशांचा कोन व्यापायचा, तर 55 इंची टीव्हीपासून 1.9 मीटर, 43 इंचीपासून दीड.